जड पाणी

जबलपूर हे एके काळी तालांचे शहर म्हणून ओळखले जाई. येथे बावन्न ताल होते, असे जुने रहिवासी सांगतात. त्यांतले कित्येक बुजले, त्यांच्यावर वसाहती उठल्या आणि नावे तेवढी मागे राहिली. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, अधारताल तिचा दिवाण अधारसिंह याचा. राणी १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना कामी आली. गोंडांचे राज्य पुढे क्षीण होत गेले. पण शहर पत्ता सांगताना आजही त्या तिघांचीच नावे घेते. या अधारतालाच्या बाजूस, महाराजपुरात, एका निवृत्त मराठी गृहस्थांनी आपल्या बैठकीच्या खोलीत आणखी एक ताल बांधला. तो चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. त्याच्या चारही भिंती काचेच्या आहेत.

गृहस्थांचे घराणे नागपूरकडचे. गढा-मंडल्याचे राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१७ नंतर इंग्रज आले. त्यांच्या मध्यप्रांतातील कचेऱ्यांत नोकरी करण्यासाठी जी मराठी कुटुंबे नर्मदेच्या काठी उतरली, त्यांपैकी हे एक. पणजोबांनी मोडी लिहिली, आजोबांनी बाळबोध, वडिलांनी इंग्रजी. खुद्द गृहस्थांचा जन्म संरक्षण खात्याच्या कारखान्यात हिंदीतून टिपणे लिहिण्यात गेला. घरात मराठी बोलली जाते. म्हणजे असे की, गृहस्थ आणि त्यांची पत्नी बोलतात. बाकीचे ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. यात कोणाचा दोष आहे असे त्यांना वाटत नाही. फक्त नात काही विचारू लागली की ते उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतात.

ज्या माशासाठी हा खटाटोप मांडला गेला त्याचे नाव डिस्कस. मैदानी खेळातील थाळीसारखा गोल, बाजूंनी चपटा, हाताच्या पंजाएवढा वाढणारा. व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल याने १८४० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मंद वाहणाऱ्या, कुजलेल्या पालापाचोळ्याने चहासारख्या रंगलेल्या पाण्यात तो राहतो. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत. ते आम्ल आहे, उबदार आहे आणि पावसाच्या पाण्याइतके हलके आहे. जबलपूरचे पाणी याच्या नेमके उलटे.

पाण्याच्या या गुणाला शालेय पुस्तकांत दुष्फेन असा भारदस्त शब्द आहे. स्वयंपाकघरात त्याला जड पाणी म्हणतात. गृहिणीला ते सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही. तूरडाळ शिजायला किती वेळ घेते आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर किती दिवसांत धरतो, एवढे तिला पुरते. पाणी जड का, असे विचारले तर शहरातला कोणीही भेडाघाटच्या संगमरवराकडे बोट दाखवील. हा संगमरवराचा मोठेपणा झाला, पण तो खरा नव्हे. भेडाघाट शहराच्या खालच्या अंगास आहे. नदी ग्वारीघाट, तिलवाराघाट ओलांडून मग तेथे पोचते. तिच्यात जे काही विरघळलेले आहे त्यातले बरेचसे ती वरून, मंडल्याकडच्या काळ्या पाषाणातून घेऊन येते. महाराजपुरात नळाला येणारे पाणी अपुरे पडले की बोअरचे वापरतात. ते आणखी जड.

टाकी मांडण्याचे काम गृहस्थांनी कारखान्यातील शिस्तीने केले. सुमारे ३४० लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो वजन, त्यावर काच, वाळू आणि लाकूड. म्हणून जागा तळमजल्यावर, भिंतीलगत. वाळू आणली ती वाटीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळून पाहिले. बुडबुडे उठले तर चुना आहे असे समजायचे. एका स्नेह्याने शोभेसाठी भेडाघाटचा संगमरवरी तुकडा प्रेमाने आणून दिला. तो देवघरात गेला, टाकीत नाही. वाळूखाली मुळांसाठी मातीचा पातळ थर, मध्यभागी पाण्यात मुरवून जड केलेले एक वाकडे खोड, आणि मग वनस्पती.

वनस्पती आणि डिस्कस यांचे पटवणे ही या छंदातील खरी अडचण होय. माशाला २८ ते ३० अंश उष्णता हवी. बहुतेक पाणवनस्पती त्याहून चार-पाच अंश थंड पाण्यात सुखी असतात. त्यांना प्रखर उजेड हवा. त्याला सावली प्रिय. मासा दिवसातून अनेकदा खातो आणि पाणी घाण करतो. ते सतत बदलावे लागते. या तडजोडीत टिकणाऱ्या वनस्पती थोड्याच. ॲमेझॉन स्वोर्ड ही त्याच्याच माहेरची, रुंद पानांची. अनुबियास पश्चिम आफ्रिकेची. सावकाश वाढते आणि कशालाच कंटाळत नाही. आपल्याकडच्या ओढ्या-तलावांत सर्रास आढळणारी पट्टीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया मागच्या काचेलगत लावली. तिच्या शेजारी हायग्रोफिला, तालिमखान्याची बहीण. ही भारतीय वनस्पती मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडाच्या कालव्यांत इतकी माजली की तेथे तिला उपद्रवी तण ठरवावे लागले. परदेशी गेलेली प्रत्येक गोष्ट कोमेजतेच असे नाही.

त्यानंतर सहा आठवडे टाकी माशांवाचून राहिली. शेजारी येत, काचेला नाक लावून “मछली कहाँ है?” असे विचारीत आणि गृहस्थांच्या बुद्धीविषयी काही एक मत बनवून परत जात. पण या रिकाम्या दिवसांतच महत्त्वाचे काम होत असते. माशाच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी असतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट, आणि ते वनस्पती शोषून घेतात. हे न दिसणारे रहिवासी फिल्टरच्या स्पंजात वसल्याखेरीज मासा सोडणे म्हणजे त्याला मारणे. शतपथ ब्राह्मणातील मनूला एवढी माहिती नव्हती. पण मासा सांभाळण्याचे पहिले सूत्र त्याच कथेत आहे. ओंजळीत आलेला मासा मनूला सांगतो की मला आधी घटात ठेव, वाढलो की खड्ड्यात, त्याहून वाढलो की समुद्रात. आश्रय देणाऱ्याने आश्रिताच्या मापाने जागा वाढवीत न्यायची असते. प्रलयाचा भाग नंतर येतो आणि त्याचीच कीर्ती झाली.

सहा पिले आणली. डिस्कस एकटा ठेवता येत नाही, तो झुरतो. दोनच ठेवले तर बलिष्ठ दुबळ्याला छळतो. ती जगली. आजचे बहुतेक डिस्कस आग्नेय आशियातील मत्स्यशेतांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असतात आणि थोडे जड पाणी सोसतात. जबलपूरचा उन्हाळाही त्यांनी सोसला. टाकीवर पंखा लावून पाण्याचा ताप उतरवावा लागला आणि काही झाडांची पाने मात्र विरघळून गेली. जानेवारीत वीज जाई तेव्हा गृहस्थ टाकीला गोधडी गुंडाळीत. वर्षभरात मासे पंजाएवढे झाले, निळसर-तांबूस झाले, आणि त्यांच्यातील दोघांनी एक कोपरा आपला मानला. नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. जोडी त्यांची तीच जमवतात. एका सायंकाळी त्यांनी स्वोर्डचे रुंद पान चोचीने घासून स्वच्छ केले आणि त्यावर अंड्यांच्या रांगा घातल्या.

तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली. पुढच्या वेळीही, त्याच्या पुढच्या वेळीही. आई-बाप वारा घालीत राहत आणि शेवटी ती खाऊन टाकीत. जाणत्या मत्स्यपालकांचा अनुभव असा की जड पाण्यात डिस्कस जगतो, वाढतो, रंगतोही. पण त्याची अंडी क्षारांमुळे नीट फळत नाहीत. जगणे एका पिढीचे असते, त्यासाठी सोशिकपणा पुरतो. गृहस्थांनी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ते बराच वेळ अंगणात जाऊन बसले, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

मग आर.ओ.चे यंत्र आले. त्याच्या पटलातून पाणी दाबाने जाते, क्षार अलीकडे राहतात. त्यात कळशीभर हलक्या पाण्यासाठी दोन-तीन कळशा पाणी बाजूला टाकले जाते. मे महिन्यात हे डोळ्यांना टोचते. ते पाणी भांड्यांना आणि जास्वंदीला देण्याची सोय झाली. खरा आक्षेप निराळाच होता. “अहो, जिच्या नुसत्या दर्शनानं माणूस शुद्ध होतो, तिला तुम्ही आणखी काय शुद्ध करणार?” गृहिणीच्या या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. गृहस्थ एवढेच म्हणाले, की शुद्ध नाही करायचे, थोडे रिकामे करायचे आहे. त्या रिकाम्या पाण्यात चौथा हिस्सा नळाचे पाणी मिसळले, कारण अगदीच क्षारहीन पाण्यात त्याचा आम्लपणा स्थिर राहत नाही. देशी बदामाची चार वाळकी पाने रस्त्यावरून वेचून आणून धुऊन सोडली. दोन दिवसांत पाण्याला फिकट चहाचा रंग आला. नदीकाठच्या अर्जुनवृक्षाच्या कुळातलेच हे झाड.

जोडीसाठी वेगळी, वाळू-वनस्पतींविना लहान टाकी केली आणि तीत कुंभाराकडचा मातीचा बारका माठ पालथा ठेवला. अंडी त्याच्या पाठीवर घातली गेली. साठेक तासांनी त्यांतून शेपट्या वळवळू लागल्या आणि आणखी तीन दिवसांनी पिले सुटून पोहू लागली. ती अन्नाच्या शोधात कोठेही भरकटली नाहीत. थेट आई-बापांच्या अंगाला जाऊन लागली.

डिस्कसचे वैशिष्ट्य ते हे. पिलांच्या जन्माच्या सुमारास नर आणि मादी दोघांच्याही त्वचेवर एक पौष्टिक श्लेष्म दाट होतो, आणि पिले तोच टिपून जगतात. एक थकला की अंग झटकून पिलांचा थवा दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. पहिले दोन आठवडे हे चालते. तिसऱ्यापासून आई-बाप पिलांना टाळू लागतात. ही रीत केवळ ॲमेझॉनची आहे असेही नाही. डिस्कस ज्या सिक्लिड कुळातला, त्याच कुळातला पिवळा, ठिपक्यांचा एक लहान मासा केरळच्या कायलांत राहतो, आणि त्याची पिलेही पालकांच्या अंगावरचा श्लेष्म टिपतात. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि भारत असा या कुळाचा विस्तार पाहून अनेकांनी त्याचा संबंध एका जुन्या, एकसंध दक्षिणखंडाशी जोडला. कुळ त्या खंडाच्या फुटण्याहून धाकटे आहे असे मानणारेही अभ्यासक आहेत. त्या खंडाला व्हिएन्नाच्याच एडुआर्ड झ्यूसने १८८५ मध्ये नाव दिले गोंडवनभूमी. म्हणजे राणी दुर्गावतीचा मुलूख. गृहस्थ ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला की त्यांना विशेष आनंद होतो.

पिले अंगाला लागली ती प्रथम नातीने पाहिली. “आजोबा, पिल्लं आईला चिपकली!” ती ओरडली. बापाला कोणती चिकटली आहेत तेही बघ, असे आजोबा म्हणाले. तिने काचेवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. अठरापर्यंत मराठीत गेली, पुढे क्षणभर अडली आणि उन्नीस, बीस करीत चाळीसच्या जवळ पोचली. तेवढ्यात मादीने अंग झटकले, सगळा थवा नराकडे गेला आणि गणती विस्कटली. तिने पुन्हा एकपासून आरंभ केला. गृहस्थ शेजारी उभे राहिले आणि एकोणीस आले तेव्हा हळूच म्हणाले. मग ते हलके पाणी आणायला आत गेले. त्या लहान टाकीतले पाणी पहिला आठवडाभर रोज थोडे बदलावे लागते.