ब्राउझरातला हौद

चित्र ढवळता येत नाही, अशी माझी आजवर समजूत होती. आणि इतकी वर्षं चित्रांनीही ती इमानाने पाळली होती. परवा पुतण्याने लॅपटॉपवर ब्राउझर उघडून एक फरशीबंद हौद दाखवला. इव्हान वॉलेस नावाच्या गृहस्थाने २०११ साली केलेला. पाण्यावरून बोट फिरवा, तरंग उठतात, भिंतींवर आपटून परततात, तळाच्या फरशीवर उन्हाची जाळी हलते. आत एक गोळा आहे. तो बुडवला की पाणी निमूट बाजूला सरतं. जी हे अक्षर दाबलं की गुरुत्वाकर्षण चालू-बंद होतं. (न्यूटनला सफरचंदाची वाट बघावी लागली म्हणतात!)

"यासाठी काही बसवावं लागलं का रे?"

"काहीही नाही, काका."

पूर्वी अशा करामतींसाठी फ्लॅश नावाचा जावई घरात आणावा लागे. सतत काहीतरी नवं मागायचा. २०२० च्या अखेरीस तो निवर्तला. आता वेबजीएलमुळे ब्राउझर थेट ग्राफिक्सच्या चिपला कामाला लावतो.

काम तरी किती? मी बँकेतला माणूस, कागद घेऊन बसलो. पडदा १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला साठ चित्रं धरली तर १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके रंगवायचे! त्यासाठी शेडर नावाचे चिमुकले प्रोग्रॅम असतात, आणि ते रांग न लावता शेकड्यांनी एकदम कामाला भिडतात. आमच्या शाखेत एका पासबुकाला तिघं लागत, त्यातला एक चहाला गेलेला असे.

एवढ्यात आमची ही पदराला हात पुसत आली. हिचं माहेर कोकणातलं. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. ती विहीर पुढे भावांच्या वाटण्यांत बुजवली, त्याबद्दल ही कधी बोलत नाही. मी कोट्यवधींचा हिशेब सांगितला, तो हिने ऐकलाच नाही. चष्मा लावून बोटाने हलकेच एक तरंग काढला. मग दुसरा. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, तरी ही उठेना.

"खोल किती आहे रे?" तिने पुतण्याला विचारलं.

"खोल? म्हणजे... प्रोग्रॅममध्ये बघावं लागेल, काकू."

"बघ की मग," ही म्हणाली, आणि गोळा तळाशी नेऊन तिथेच धरून बसली.