उसाच्या बिलातले रुपये

१२ ऑक्टोबर
दिवसभर अमेरिकेतल्या लॉबिस्टांचे अहवाल वाचले. १९९५ च्या कायद्याने ते भरावेच लागतात, २००८ पासून दर तिमाहीला. कुणासाठी, कुठल्या विधेयकावर, किती पैसे, सगळं त्यात. मात्र रक्कम दहा हजार डॉलरच्या पटीत, आणि भेटलं कुणाला तर नुसतं ‘सेनेट’! शंभर खोल्यांच्या वाड्यात कुठल्या खोलीत बसलात ते गुलदस्त्यात. तरी हेवा वाटला. आपल्याकडे असं रजिस्टरच नाही.

१४ ऑक्टोबर
ब्लानेस इ विदाल, ड्राका आणि फॉन्स-रोसेन यांचा २०१२ चा निबंध. सेनेटरच्या कचेरीतून लॉबिंगमध्ये गेलेल्यांची कमाई, तो सेनेटर पायउतार झाला की सरासरी २४ टक्क्यांनी उतरते. माणूस तोच, डोकं तेच. गेली फक्त ओळख.

१८ ऑक्टोबर, गावी
आपल्याकडे रजिस्टर नसलं, तरी काकांच्या ट्रंकेत साखर कारखान्याचे जुने वार्षिक अहवाल आणि ऊसबिलं आहेत. टनेज, दर, खाली सोसायटीची कपात. काही बिलांवर हळदीचे डाग.
काकांना संदीप सुखटणकरांचा निबंध समजावला, तोही २०१२ चाच. राजकारण्यांच्या ताब्यातले कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर देतात.
काका हसले. “हे कळायला आकडेमोड लागली व्हय?”
“मग पुन्हा चेअरमनलाच मत का देता?”
“निवडून आल्यावर दर देतोय की.”
शेतकऱ्यांना मागाहून भरपाई मिळत असावी, हा तर्क त्या निबंधातही आहे. काकांनी तो पान लावता लावता सांगितला.

१९ ऑक्टोबर
काकू मात्र म्हणाल्या, “२००४ ला दर पडला तो लोकरी माव्यानं. वरनं दुष्काळ.” बरोबर आहे. नुसतं निवडणुकीचं साल धरलं तर माव्याचं पाप चेअरमनच्या माथी जाईल. म्हणून त्याच हंगामातला, त्याच पट्ट्यातला, निवडणुकीपासून लांब असलेला चेअरमन शोधायचा आणि दोघांचा दर शेजारी ठेवायचा. असा चेअरमन सापडणं हेच अवघड! सकाळपासून दोनच मिळाले, त्यातल्या एकाचा मेहुणा आमदार.

२० ऑक्टोबर
१९९९ च्या अहवालातलं नेमकं ऊसदराचं पान उंदरांनी खाल्लंय. काका म्हणाले, “चेअरमनकडं असंल. पण पोरी, मागताना लग्नाची पत्रिका द्यायला आलीस म्हण.”