पाऊणशे म्हणजे किती?

"शेगाव? म्हणजे आजी दरवर्षी जाते ते?" ॲडमिशनच्या यादीत कॉलेजचं नाव बघून मी आईला विचारलेला हा पहिला प्रश्न. आमची धाव मुलुंडपासून फार तर कल्याणपर्यंत. बुलढाणा जिल्हा नकाशात कुठे येतो हे दहावीच्या भूगोलात होतं, पण ते मी ऑप्शनला टाकलं होतं.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात माझा मावसभाऊ एम.एस.साठी जर्मनीला निघाला होता, आखेनला. दोघांच्या बॅगा आमच्याच हॉलमध्ये भरल्या गेल्या आणि आई-मावशीने यादीसुद्धा एकच केली : नखं कापायचं यंत्र, सुई-दोरा, मेतकूट, लोणचं, ओडोमॉस. दादा म्हणाला, "मी परदेशी चाललोय, ही कुठे चाललीय?" तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्याच्यापेक्षा जास्त परदेशी मीच गेले. त्याला जर्मन लोक इंग्रजीत तरी उत्तर देतात. मला इथे मराठीत उत्तर मिळत होतं आणि ते कळत नव्हतं!

ऑगस्ट २०२३. अमरावती एक्सप्रेसने पहाटे अंधारात शेगावला उतरवलं. प्लॅटफॉर्मवर भाविकांची गर्दी, कचोरीचा वास, आणि एक आजीबाई बाबांना विचारतायत, "काहून एवढं सामान, पोरीचं लग्न हाय काय?" बाबा हसले. मी मात्र "काहून" या शब्दाशी अडले होते. (काहून म्हणजे का. हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि तोपर्यंत मी सगळ्यांना 'हो' असं उत्तर देत होते.)

आमची शाळा कॉन्व्हेंट. मराठी आठवड्याला चार तास, तेही सिस्टर राऊंडला नसतील तर. घरी मराठी बोलायचो, पण आकडे नेहमी इंग्रजीत. त्याचे परिणाम पहिल्याच संध्याकाळी भोगले. बादली आईने घेऊन दिली होती, पण मग, दोरी आणि कपड्यांचे चिमटे राहिले होते. दुकानदार काका म्हणाले, "पाऊणशे." आईने निघताना बजावलं होतं की पहिला भाव कधीच मान्य करायचा नाही. मी मान ताठ करून म्हटलं, "नाही, शंभरच देईन!" काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा नोटेकडे पाहिलं. मग नोट घेतली, पंचवीस रुपये परत दिले आणि म्हणाले, "पोरी, पाऊणशे म्हंजे पंच्याहत्तर. सव्वाशे, दीडशे, अडीचशे पाठ करून घे, नाही तर गाव तुले इकून खाईल."

गाव काही मला विकून खाल्लं नाही, पण एक-दोन ठिकाणी चावा नक्की घेतला. दुसऱ्या एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून घेतलेली इलेक्ट्रिक किटली तिसऱ्या दिवशी बंद पडली. परत न्यायला गेले तर तो मला ओळखेचना. रेक्टर मॅडमचं म्हणणं असं की किटली हॉस्टेलवर चालतच नाही, त्यामुळे ती बंद पडली हे बरंच झालं. (मॅडम, हा अंक तुम्ही वाचणार हे ठाऊक आहे. किटली खरंच फेकली.)

पहिल्या महिन्यात माझे पैसे वीस तारखेलाच संपले, आणि ते फसवणुकीमुळे नाही. संपले ते स्वस्ताईमुळे! मी प्रत्येक गोष्टीची किंमत मुलुंडशी ताडून बघायची. पेरू मुलुंडला शंभर रुपये किलो, इथे चाळीस? घ्या दोन किलो! रिक्षा एवढीच घेते? बसा! तिकडे दादाचं उलटं चाललं होतं. तो प्रत्येक युरोला नव्वदने गुणत होता आणि उपाशी राहत होता. रविवारी तिथली दुकानं बंद असतात हे त्याला पहिल्या रविवारी भूक लागल्यावर कळलं. एका रात्री फोनवर तो म्हणाला, "ज्या दिवशी गुणाकार थांबेल ना, त्या दिवशी आपण इथले झालो असं समजायचं." त्याने तोपर्यंत प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून प्रत्येकी पंचवीस सेंट परत मिळवायची विद्या शिकली होती. जर्मनीत २००३ पासून ही पद्धत आहे म्हणे. आमचा दर शनिवारचा फोन मग 'या आठवड्यात काय स्वस्तात मिळवलं' याच विषयावर व्हायचा. मावशीला वाटायचं आम्ही अभ्यासाचं बोलतोय.

माझी खरी शाळा म्हणजे माझी रूममेट. ती संग्रामपूर तालुक्यातली, घरची शेती. तिने मला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, नवीन पुस्तक आणि नवीन ड्राफ्टर घेणारा माणूस वेडा असतो. शेवटच्या वर्षाच्या मुली निकालाच्या आठवड्यात खोली रिकामी करतात, तेव्हा जिन्यात उभं राहायचं. माझा ड्राफ्टर दीडशेला (एकशे पन्नास! आता येतं!) मिळाला आणि त्यावर आधीच्या चार मालकिणींची नावं कोरलेली आहेत.

दुसरी गोष्ट पाणी. इथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येईना, तेव्हा मला वाटलं साबण डुप्लिकेट आहे, म्हणून मी महागातला घेतला. तोही तसाच. मग कळलं, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि पलीकडे अकोला-अमरावतीपर्यंत जमिनीखालचं पाणी खारं. केस धुवायचे तर गोड पाण्याची बादली राखून ठेवायची, एवढाच उपाय. रूममेट म्हणाली, "आमच्याकडं डाळ शिजत नाही त्या पाण्यात, तू शाम्पूचं काय घेऊन बसली?"

तिसरी, कूलर. यावर मी पेपर लिहू शकते. मुंबईकराला कूलर म्हणजे आवाज करणारी पेटी वाटते, कारण आमच्या दमट हवेत तो चालतच नाही. पाण्याची वाफ व्हायला हवा कोरडी लागते, वाफ होताना उष्णता खेचली जाते, हवा गार. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात मला हे लिहिता आलं नव्हतं, पण एप्रिलमध्ये शेगावला बेचाळीसच्या पुढे पारा गेल्यावर एका मिनिटात समजलं. जुना कूलर घेताना बाहेरचा रंग बघायचा नाही. टाकीच्या तळाला बोट लावून गंज बघायचा, मोटर पाण्याशिवाय आणि पंप पाणी घालून चालवून बघायचा. सगळ्यात महत्त्वाच्या जाळ्या, कारण खाऱ्या पाण्याने त्यांच्यावर पांढरा थर चढतो आणि मग त्यातून हवाच जात नाही. आम्ही दोघींनी मिळून अठराशेचा कूलर बाराशेला आणला, जाळ्या खराब आहेत हे दाखवून. विकणारी सीनियर वैतागून म्हणाली, "तू मुंबईची ना? मग वऱ्हाडी बायकांसारखी काय भांडते?" माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी पदवी!

त्यानंतर मला घासाघीशीची चटकच लागली. आठवडी बाजारात मी नुसती खेळायला जायचे. तिथे जामवाली एक आजी बसते. जाम म्हणजे पेरू. पहिल्यांदा "जाम घे वं जाम" ऐकून मी बाटली शोधत होते ते जाऊ द्या. आजी चाळीस म्हणायची, मी वीस म्हणायचे, ती माझ्या आईबापाचा उद्धार करायची, मी निघून जायचं नाटक करायचे, ती हाक मारायची, पंचवीसला सौदा. मग हॉस्टेलवर येऊन मी ते जाहीर करायचे. सगळ्या हसायच्या. रूममेट मीठ-तिखट काढून द्यायची आणि काही बोलायची नाही.

खामगावलाही जाऊन आले, सतरा-अठरा किलोमीटर तर आहे. आईने सांगितलं होतं, "खामगावची चांदी चांगली असते म्हणतात, भाव तरी विचारून ये." सराफाकडे मी सवयीने तोंड उघडलं. तो हसून म्हणाला, "ताई, चांदीचा भाव आमच्या हातात नाही. कमी करायचं तर मजुरीत करू." म्हणजे धातूचा भाव पक्का, घडवणाऱ्याची मजुरी तेवढी कच्ची. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मजुरीत शंभर रुपये कमी करून आईसाठी जोडवी घेतली आणि दादाला फोटो पाठवला.

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या, रूममेट मला चार दिवस घरी घेऊन गेली. पऱ्हाटी (कपाशीला ते पऱ्हाटी म्हणतात) उभी होती आणि पहिली वेचणी घरात येऊन पडली होती. ओसरीपासून देवघरापर्यंत कापूस. आम्ही झोपायचो त्या खोलीतही अर्ध्यात कापूस, अर्ध्यात आम्ही. मी एक सकाळ वेचायला गेले. दुपारपर्यंत कंबर धरली, बोटांना बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडले आणि माझ्या ओटीत निघाला साडेतीन किलो. शेजारच्या ओळीतल्या काकू माझ्या कितीतरी पुढे होत्या आणि बोलतही होत्या.

तिसऱ्या दिवशी व्यापारी आला, टेम्पो घेऊन. मी उत्साहाने पुढे जाऊन बसले, आता घासाघीस बघायला मिळणार म्हणून! त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतून मूठभर कापूस काढला, दाबून बघितला आणि म्हणाला, "सहा हजार नऊशे. ओल हाय, शंभर कमी." मी काकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हे आठ हजार म्हणतील, मग तो सात म्हणेल, मग हे उठून जायचं नाटक करतील... काका म्हणाले, "पाहा ना भाऊ काही जास्त होते तर." तो म्हणाला, "नाही होत." आणि काटा लावला. संपलं! मी एका कूलरसाठी पाऊण तास भांडले होते. इथे नऊ क्विंटल कापसाचा सौदा चहा गार व्हायच्या आत झाला.

मला सगळ्यात विचित्र काय वाटलं, तर पहिला भाव विकणाऱ्याने सांगितलाच नाही. जामवाली आजीसुद्धा आधी चाळीस म्हणते. इथे ज्याचा माल तो गप्प आणि घेणारा भाव सांगतोय.

रात्री मी मोबाईल काढला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११०. मिळाले ६,८००. फरक १,३१०, गुणिले नऊ, ११,७९०. आमची मेस महिन्याला २,९००. मी रूममेटला म्हटलं, "अगं, जवळजवळ चार महिन्यांची मेस गेली! सीसीआयला का नाही दिला?" ती गोधडी ओढत म्हणाली, "हे गणित आम्हाले बी येते." मग जरा वेळाने तिनेच सांगितलं. तिथे आधी नोंदणी, मग नंबर लागायची वाट, आठ टक्क्यांच्या वर ओल निघाली की तिथेही कपात आणि बाराच्या वर घेतच नाहीत. घरात ठेवायला जागा नाही. आणि हरभरा पेरायचा, त्याच्या बियाण्याचे पैसे याच आठवड्यात पाहिजेत. "व्यापाऱ्याले माहीत असते ना कोणाले कधी पैसे लागतात ते," ती म्हणाली.

परतताना जलंब स्टेशन लागलं, तेव्हा मला लायब्ररीत वाचलेलं आठवलं. जलंब ते खामगाव ही रेल्वेची छोटी फांदी १८७० मध्ये कापसासाठीच टाकली होती आणि खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला होता. त्याच्या आधी अमेरिकेत यादवी युद्ध होतं (१८६१ ते ६५), तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. म्हणजे तेव्हाही इथल्या कापसाचा भाव दुसरीकडेच कोणी तरी सांगत होतं. मी हे रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, "झोपू दे."

शनिवारी दादाचा फोन आला. "बोल, काय स्वस्तात मिळवलं?" मी म्हटलं, "या आठवड्यात काही नाही." त्याने एक लांब कोट जुन्या बाजारातून आठ युरोला मिळवला होता. मी नव्वदने गुणलं नाही. छान आहे म्हटलं.

मंगळवारी बाजारात गेलो. आजी नेहमीच्या जागी, पुढ्यात जाम. "चाळीस." माझ्या तोंडातून वीस येणारच होतं. रूममेट पलीकडे काकड्या निवडत होती, तिचं लक्षही नव्हतं. मी चाळीस रुपये काढून दिले. आजीने पैसे हातात धरूनच माझ्याकडे वर पाहिलं.

"काहून वं माय, आज भाव नाही केला? तब्येत बरी नाही काय?"

मी म्हटलं, बरी आहे. तिला काही पटलं नाही. तिने पिशवीत वरून एक जास्तीचा जाम टाकला, चांगला पिकलेला निवडून, आणि म्हणाली, "हे खाऊन घे आधी. उपाशी दिसतेस."