गोधडीतली बोर्डो

रबरी सील दहा वर्षांनी कसं वागेल हे कळायला दहा वर्षं थांबण्याची सोय कारखान्यात नसते. म्हणून त्याचा तुकडा गरम हवेच्या भट्टीत ठेवतात. नेहमीची चाचणी ७० अंश सेल्सिअसला ७० तासांची. मग तो बाहेर काढून ताणायचा, दाबायचा, त्याचा कडकपणा मोजायचा आणि किती म्हातारा झाला ते कागदावर मांडायचं. उष्णता वाढली की रासायनिक क्रिया वेगानं होतात. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना वेग दुपटीच्या आसपास जातो. मी राहायला पुण्याजवळच्या दापोडीत आणि भोसरीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर. त्यामुळे फ्रेंच वाइनच्या बाटल्या घरात आल्या तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न चवीचा नव्हता, भट्टीचा होता. आमच्या उन्हाळ्यात ही वाइन किती लवकर म्हातारी होईल? आणि तशी झाली तर बोर्डोच्या थंड तळघरात सावकाश म्हाताऱ्या झालेल्या वाइनसारखीच होईल का?

बाटल्या २०१८ साली आणलेल्या. एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी कंपनीनं आम्हाला बोर्डोजवळ पाठवलं होतं. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांच्या मधला प्रदेश, आंत्र-द-मेर. नजर जाईल तिथवर द्राक्षाचे मळे, पण आपल्यासारखे मांडवावर चढवलेले नाहीत. कमरेएवढ्या उंचीच्या तारांवर ओळीनं बांधलेले. त्या भागातली लाल वाइन नुसत्या ‘बोर्डो’ किंवा ‘बोर्डो सुपेरिअर’ या नावानं विकली जायची. १८५५ साली ज्यांना पहिला दर्जा मिळाला त्या लाफित, लातूर, मार्गो या बड्या घराण्यांशी तिचा संबंध एवढाच, की द्राक्षाच्या जाती त्याच. त्या बड्या वाइन लोक तीस-चाळीस वर्षं ठेवतात. मी जी घेतली ती सुपरमार्केटच्या फळीवरची, पाच-सहा युरोंची, २०१५ सालच्या द्राक्षांची. २०१५ चा हंगाम बोर्डोत चांगला गेला होता. द्राक्षं बहुतेक मर्लो, थोडं काबर्ने सोविन्यों.

यंत्रावरचा तिथला कामगार स्वतः मळेवाल्यांच्या घरातला. त्याला बाटली दाखवली तर म्हणाला, ही ठेवायची नसते. दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची. त्याच्या घरीसुद्धा रोजच्या जेवणाला हीच असते. मला तर उलट हीच हवी होती. बड्या वाइनची म्हातारपणाची वर्णनं पुस्तकांत भरपूर आहेत. साध्या, स्वस्त वाइनचं पुढं काय होतं हे कोण लिहून ठेवतो?

परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य सीमाशुल्क न भरता आणता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. आयात वाइनवर तेव्हा मूळ सीमाशुल्कच १५० टक्के होतं, त्यामुळे तीच वाइन पुण्याच्या दुकानात शोधण्यात अर्थ नव्हता. बरोबरच्या दोघांनीही माझं बघून दोन-दोन घेतल्या आणि घरी कुणाला चालणार नाही म्हणून इथं आल्यावर माझ्याकडे देऊन टाकल्या. मद्याचं परमिट माझ्याकडे आहे. बाटल्या सगळ्या एकाच खोक्यातल्या. प्रयोगाला यापेक्षा चांगला नमुना मिळाला नसता.

आमचं घर चार मजली इमारतीत सगळ्यात वरचं. हॅरिस पुलावरून दापोडीत शिरलं की डावी-उजवीकडे जी दाटी सुरू होते, तिच्यातच. वर गच्चीचा स्लॅब, एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहालाही हाताला गरम लागतो. मी तीन जागा ठरवल्या. स्वयंपाकघराचा माळा, जिथं दुपारचा पारा ३८-३९ ला जायचा. उत्तरेच्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, जिथं उन्हाळ्यात २९-३० आणि डिसेंबरात २२-२३ असायचा. या कप्प्यातल्या बाटल्या आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळल्या, म्हणजे दिवसरात्रीचा चढउतार पोचू नये. आणि तिसरी जागा फ्रिजमधला भाजीचा कप्पा. तिथं एकच बाटली ठेवायला परवानगी मिळाली. “अहो, सात वर्षं मी कोथिंबीर कुठं ठेवू?” हा सौभाग्यवतींचा प्रश्न अगदी रास्त होता. सगळ्या बाटल्या आडव्या. बूच वाइननं ओलं राहिलं पाहिजे. सुकलं की आक्रसतं आणि हवा आत शिरते.

एक बाटली आल्या आल्या उघडली, कारण सुरुवातीचं माप हातात नसेल तर पुढच्या कुठल्याच मापाला अर्थ नाही. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं सांगतात, पण त्यांच्या खोल्या थंड असतात. दापोडीत मे महिन्यात खोली ३३ अंशांवर. त्या तापमानाला दारूचा उग्र वास सगळ्यात आधी नाकात जातो आणि बाकी काही कळत नाही. बाटली बराच वेळ फ्रिजमध्ये ठेवून १७-१८ अंशांवर आणली. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरला. रंग गडद, कडेला जांभळी झाक. वास पिकलेल्या जांभळाचा आणि मागून हिरव्या मिरचीच्या देठाचा. पहिला घोट गोडसर नाही, आंबट. आणि मग तुरटपणा आला, हिरड्या आवळणारा, जीभ खरखरीत करणारा. सौ.नी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. सुक्या मटणाबरोबर मात्र तीच वाइन मऊ लागली. हा तुरटपणा टॅनिनचा. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडातला ओलावा निसरडा राहत नाही. तोंडात मांस असेल तर टॅनिनला धरायला दुसरी प्रथिनं मिळतात. मसाला मात्र बेतानं हवा. तिखट वाढलं की तुरटपणा आणि दारू दोन्ही जास्त बोचतात.

बाटलीत वर्षानुवर्षं जे चालतं ते मुख्यतः याच टॅनिनचं काम. ते एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडून लांब साखळ्या करतं. साखळ्यांबरोबर तुरटपणाची धार बदलते, फार मोठ्या झाल्या की त्या तळाशी गाळ होऊन बसतात. जांभळा रंग आधी लाल, मग विटकरी होतो. बुचातून अत्यंत थोडा प्राणवायू आत येत राहतो आणि त्याचाही यात हात असतो. हे लुई पाश्चर यांनी १८६६ च्या वाइनवरच्या ग्रंथात दाखवून दिलं होतं. काचेच्या काही नळ्या वाइननं काठोकाठ भरल्या, काही अर्ध्याच, आणि हवा असलेल्या नळ्यांत रंग उतरून गाळ बसल्याचं पाहिलं. त्याच पाश्चर यांनी वाइन खराब होऊ नये म्हणून ती थोडा वेळ ५०-६० अंशांपर्यंत तापवायचा उपाय सुचवला. काही मिनिटांची उष्णता वाइनला वाचवते. माझ्या माळ्यावर ती महिनोन्‌महिने राहणार होती.

दोन उन्हाळे गेले. जानेवारी २०२० मध्ये, बुधवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीच्या, कारखान्याच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीच्या भरवशावर, माळ्यावरची एक आणि गोधडीतली एक बाटली काढली. माळ्यावरचीचं बूच पाहूनच बरंचसं कळलं. ते गळ्याच्या कडेपेक्षा जरासं वर आलं होतं. वेष्टण सोललं तर आत चिकट, काळपट डाग. बुचाच्या एका बाजूनं वाइनची रेघ तळापासून माथ्यापर्यंत चढलेली. आतली वाइन तापून फुगली, तिनं बूच ढकललं, रात्री गार होऊन आक्रसली तेव्हा हवा आत ओढली. उन्हाळ्याच्या प्रत्येक दिवशी हेच. गोधडीतल्या बाटलीचं बूच फक्त टोकाला जांभळं, बाकी कोरं.

शेजारचे काका एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर बसच्या रबरी बुशी आणि होजपाइप हाताळलेला माणूस; उष्णता कशाचं काय करते हे त्यांना सांगावं लागत नाही. पेल्यांच्या बुडाला आकडे टाकून सौ.नी ओतलं, कुठला कुठचा हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. काकांनी दोन्हींचा घोट घेतला आणि म्हणाले, “अरे, या एका कारखान्यातल्या वाटतच नाहीत.”

एका पेल्यात तपकिरी कड, शिजवलेल्या मनुकांचा वास, मागे थोडा व्हिनेगर. फळाचा ताजेपणा संपलेला, पण तुरटपणा जवळपास होता तसाच. दुसऱ्यात रंग लाल, जांभळी झाक गेलेली. जांभूळ मागे सरलेलं आणि त्या जागी काहीतरी कोरडं, गोडसर. लाकडाच्या पेटीत ठेवलेल्या सुक्या खारकेसारखं. तुरटपणा होता, पण आता हिरड्यांना आवळत नव्हता. सौ.नी तो पेला पूर्ण संपवला आणि आणखी मागितला. माझ्या वहीत त्या रात्रीच्या नोंदीखाली दोन रेघा मारलेल्या आहेत: ही वाइन आता सर्वांत चांगली आहे. चार वर्षांहून थोडी मोठी झाली होती ती. प्रशिक्षणातल्या त्या कामगारानं सांगितलेल्या मुदतीच्या थोडी पुढे.

उरलेल्या बाटल्या नेटानं राखल्या. टाळेबंदी आली आणि गेली. मुंबई-पुणे रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. १ ऑगस्ट २०२३ ला दापोडीचं स्थानक सुरू झालं. गोधडी दरवर्षी एकदा धुवून, वाळवून पुन्हा गुंडाळायची, बाटली फारशी न हलवता. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत तिन्ही जागांची एकेक बाटली एकाच संध्याकाळी उघडली. आदल्या दिवशीच उभ्या करून ठेवल्या होत्या, म्हणजे गाळ तळाशी बसावा. ओतताना बाटलीच्या गळ्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला. स्वच्छ लाल धार येत राहते, मग तिच्यात धुरासारखी एक बारीक रेघ दिसू लागते. तिथंच हात थांबवायचा. गोधडीतल्या बाटलीत हा गाळ सगळ्यात जास्त निघाला, बोटावर चोळला तर काजळासारखा मऊ.

माळ्यावरची पिण्यापलीकडे गेली होती: चहाच्या रंगाची, नुसती आंबट. फ्रिजमधली चकित करणारी. कडेला अजून जांभळट, वास जांभळाचाच, तुरटपणा २०१८ च्या नोंदीपेक्षा किंचित कमी. आठ-नऊ अंशांवर वेळ जवळजवळ थबकला होता. आणि गोधडीतली विटकरी, पातळ, फळ फारसं न उरलेली. वास सुक्या पानांचा, तंबाखूचा, पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या जवळ जाणारा. तुरटपणा असा काही उरलाच नव्हता. घोट गिळल्यावर काही क्षण तोंडात काहीतरी सौम्य रेंगाळत होतं आणि मग जात होतं. थकलेली होती, पण तिच्यात खोट नव्हती.

मी वही उघडून २०२० ची माळ्याची नोंद आणि आजची गोधडीची नोंद शेजारी ठेवली. रंग दोन्हींचा जवळपास सारखा. नुसता रंग मोजला असता तर मी लिहिलं असतं, की माळ्यानं दोन उन्हाळ्यांत सात वर्षांचं काम केलं. पण चव वेगळीच गोष्ट सांगत होती. माळ्यावर फळ आधी करपलं आणि तुरटपणा तसाच राहिला. गोधडीत तुरटपणा मावळेपर्यंत फळ साथीला होतं. वाइनमध्ये एकाच वेळी अनेक क्रिया चालतात आणि प्रत्येकीला उष्णतेचा रेटा सारखा लागत नाही. तापवलं की त्यांचा क्रमच बदलतो. भट्टीतल्या रबराच्या बाबतीत हे आम्ही अहवालात लिहितोच, की तापमान फार वर नेलं तर निष्कर्ष प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही. पण ते आजवर मी आकड्यांत वाचलं होतं. जिभेवर दोन घोटांत ते इतकं स्पष्ट कळेल याची कल्पना नव्हती.

काकांना गोधडीतली सगळ्यात आवडली. “हिच्यात भांडण नाही,” म्हणाले. सौ.नी फ्रिजमधली निवडली आणि भाजीचा कप्पा परत घेतला. मला तिन्हींपेक्षा २०२० ची ती गोधडीतली बाटली आठवत राहिली. ती परत मिळणारी नव्हती.

आता आमच्याकडे नाशिकची लाल वाइन ठेवली आहे. दापोडीहून नाशिक फाटा हाकेच्या अंतरावर. तिथून रस्ता निघतो तो भोसरी, चाकण करत नारायणगावाला जातो. तिथं १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रानं फेसाळती वाइन करायला घेतली होती. पुढे गेलं की नाशिक. तिथली वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. बोर्डोत द्राक्षं उतरवून होतात तेव्हा नाशिकात कात्री चाललेली असते. फळ इथं जानेवारी-मार्चमध्ये, वाढत्या उन्हात पिकतं. उन्हातच वाढलेली ही वाइन दापोडीच्या घरात जास्त टिकते की कमी, हे पाहायचं आहे. माळा या वेळी वगळला आहे. बाटल्या सगळ्या खालच्या कप्प्यात, गोधडीत. पहिली उघडून सुरुवातीचं माप वहीत लिहून झालं आहे आणि पुढची २०२७ च्या जानेवारीत उघडायची आहे. काकांनी तारीख आत्ताच विचारून ठेवली आहे.