लकडगंजांत आतां स्वस्ताई उरली आहे काय?

नागपुरांत घराचें काम निघालें किंवा एखादें जुनें दार बदलावयाचें ठरलें, कीं दिवाणखान्यांत बसलेल्या चार माणसांपैकीं एकजण तरी हमखास म्हणतो, "दुकानांत कशाला जातां? लकडगंजांत जाऊन पाहा. निम्म्या किंमतींत काम होईल." हें वाक्य मी सासरीं आल्यापासून ऐकत आलें आहें. सांगणाऱ्याचा अनुभव बहुधा वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा असतो, आणि पुष्कळदां तो त्याचा स्वतःचाहि नसून त्याच्या साडूचा असतो. ह्या सल्ल्यांत अजून कांहीं जीव आहे, कीं तो नुसता सवयीनें दिला जातो, हें पडताळून पाहण्याचा प्रसंग आमच्या घरावर नुकताच येऊन गेला. घरोघरीं हाच प्रश्न कधींना कधीं निघतो. म्हणून त्यांतून जें हातीं लागलें तें वाचक भगिनींपुढें ठेवावेंसें वाटतें.

महालांतील आमचें घर मामंजींच्या वडिलांनीं बांधलेलें. पुढें सोपा, माडीस कडीपाट, आणि मधल्या खणावर सागवानाच्या नऊ तुळया. तीन भाऊ, त्यांचे संसार, वन्सं आणि मामंजी अशीं आम्ही चौदा माणसें त्यांत नांदत होतों. भिंती फुगल्या, पावसाळ्यांत दोन खोल्या निकामी होऊं लागल्या, तेव्हां जागा एका बांधकाम-व्यावसायिकाकडे सोपवून तेथेंच चार निराळीं बिऱ्हाडें घ्यावयाचीं असें ठरलें. वन्सं शाळेंतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वांट्याला आलेली जागा सर्वांत लहान, आणि आंतील कामासाठीं त्यांनीं बाजूला काढलेली रक्कम त्याहूनहि लहान. मागणें मात्र एकच होतें: दारांच्या चौकटी सागवानी असाव्या. जुन्या घरांतील त्यांच्या खोलीच्या चौकटीला दोनदां वाळवी लागली होती आणि एकदां तर पुस्तकांचें कपाटच तिनें फस्त केलें होतें. "दुसरें कांहीं नको; पण एवढें एकदां होऊं द्या, म्हणजे माझ्या हयातींत पुन्हां पाहावयास नको," असें त्या म्हणाल्या. तेव्हां स्वस्त सागवान शोधण्याचें काम मामंजींकडे, आणि त्यांचा हात धरण्याचें व हिशेब टिपण्याचें काम माझ्याकडे आलें.

लकडगंज शहराच्या पूर्व अंगाला. गंज म्हणजे बाजारपेठ, आणि ती लांकडाची, हें नांवच सांगतें. नागपुरासारख्या गांवीं अशी पेठ वाढावी यांत नवल नाहीं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ सालीं येथें पोंचली, आणि चांदा, भंडारा, बालाघाट, शिवनी, छिंदवाडा ह्या भोंवतालच्या जिल्ह्यांत जंगलच जंगल. त्यांतहि पूर्वींच्या चांदा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या गडचिरोलीकडील, आलापल्लीच्या सागवानाची कीर्ति मोठी. त्याच मुलखाचें सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं मार्च २०२३ मध्यें बल्लारपुराहून वाजतगाजत रवाना झालें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. लकडगंजांतील बऱ्याच पेढ्या कच्छी पटेल मंडळींच्या. धंद्याला चिकाटी, जिभेला साखर, आणि ओंडक्याकडे नुसतें पाहून घनफूट सांगण्याची हातोटी, हे त्यांचे पिढीजात गुण आहेत.

पूर्वीं येथें स्वस्त मिळे, ही गोष्ट खोटी नव्हे. व्यापारी सरकारी आगारांतील लिलावांत ढिगाचा ढीग उचलून आणीत. त्यांत सरळ, लांबलचक मालाबरोबर आंखूड, वांकडे, गांठाळ ओंडकेहि येत. चांगला माल मोठ्या गिऱ्हाइकांकडे जाई आणि उरलेले तुकडे टालीच्या कोपऱ्यांत पावसांत भिजत पडत. जागा अडते म्हणून मालक ते उक्ते विकून टाकी. ज्याला साडेतीन फुटांचेच तुकडे हवे असत, त्याला तो कोपरा म्हणजे पर्वणी. स्वस्ताई ही अशी विकणाऱ्याच्या अडचणींतून आणि घेणाऱ्याच्या नजरेंतून जन्माला येत असे.

आतां ती अडचणच राहिलेली नाहीं. डिसेंबर १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गोदावर्मन खटल्यांत दिलेल्या आदेशानंतर मंजूर कार्य-आयोजनेखेरीज जंगलांत कुऱ्हाड चालेनाशी झाली, आणि परवान्याविना चालणाऱ्या आरागिरण्यांवर गदा आली. झाडें वांचलीं हें उत्तमच झालें. पण माल कमी झाला तसे कोपऱ्यांतील तुकडेहि मोजून, खडूनें आंकडे घालून ठेवण्याइतके मोलाचे झाले. पुढें १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारनें ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि ज्याला आपण ब्रह्मदेशी साग म्हणून मान देत होतों तो दुर्मिळ झाला. त्याची जागा घाना, इक्वेडोर, कोस्टारिका अशा दूरच्या देशांतील लागवडीच्या सागानें घेतली आहे. तोहि सागच. पण वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या झाडाला गाभा कितीसा भरणार? बाहेरचें पांढरें लांकूड त्यांत जास्त निघतें, आणि वाळवीला नेमकें तेंच आवडतें.

शिवाय प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे. सरकारी लिलाव बरेचसे संगणकावरून होतात, आणि आज दुपारीं बल्लारपुरास काय भाव फुटला तें संध्याकाळीं लकडगंजांतल्या पोऱ्यालाहि ठाऊक असतें. धाकट्या भाऊजींचा मुलगा अमेरिकेंत असतो. तेथें गांवोगांवीं बंदुकांचे बाजार भरतात, आणि जुने शौकीन कोणा म्हाताऱ्याच्या मेजावर पडलेलें एखादें नामांकित हत्यार कवडीमोलानें मिळेल ह्या आशेनें तेथें जातात. आतां म्हणे तो म्हाताराहि मेजाखालीं फोन धरून भाव पाहतो, आणि तिकीट काढून आंत गेलेले लोक रिकाम्या हातानें परततात. बंदूक आणि सागवान यांचा संबंध नाहीं. पण बाजाराची तऱ्हा दोन्हीकडे सारखीच दिसते.

पहिल्या खेपेस आम्ही चार ठिकाणीं फिरलों. तीन ठिकाणीं दर जवळजवळ एकच. चौथ्या ठिकाणीं तो शेंकडा दहानें कमी निघाला. "काकाजी, आपके लिये," असें म्हणून मालकानें चहाहि मागविला. माझी वही उघडली होती. येथें हिशेबाची एक गोष्ट भगिनींनीं टिपून ठेवावी. चिरलेल्या लांकडाचें घनफूट काढतांना लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नीं भागावें. पांच इंच रुंद, तीन इंच जाड अशा लांकडाची नेहमींची चौकट केली, तर सात फुटांच्या दोन बाजू व साडेतीन फुटांचा माथा मिळून साडेसतरा फूट लागतात. म्हणजे सुमारें १.८ घनफूट. मामंजींनीं खिशांतून मापाची पट्टी काढून पांच-बाय-तीन म्हणून दाखविलेला नग मोजला. तो भरला पावणेपांच आणि पावणेतीन. पाव-पाव इंच ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण पंधरा चौरस इंचांच्या जागीं तेरा मिळाले, म्हणजे शेंकडा तेरा लांकूड गेलें. दर दहानें उतरला आणि माल तेरानें! मालकानें हें नाकारलें नाहीं. "करवत भी तो खाती है, काकाजी," असें तो हंसून म्हणाला. चहा मात्र चांगला होता.

दुसऱ्या खेपेस आम्हीं नव्या मालाचा नाद सोडला व पाडलेल्या घरांचें लांकूड विकणाऱ्यांकडे वळलों. येथें खरी मौज आहे. कोणाच्या माडीचा कडीपाट, कोणाचे खांब, कोणाच्या देवघराची चौकट, सगळें एकावर एक रचलेलें. वरून काळें, तेलकट, रंगाचे पापुद्रे सुटलेलें. पण आमच्या बरोबरच्या मिस्त्रीनें एका तुळईच्या टोंकावर पटाशीनें चार बोटें जागा तासली, आणि आंत सोन्यासारखा रंग व कातड्यासारखा तो ओळखीचा वास निघाला. ह्या लांकडाचीं वर्तुळें इतकीं दाट होतीं कीं मिस्त्रीला तीं मोजण्यासाठीं चष्मा लावावा लागला. जंगलांत सावकाश वाढलेलें, शंभर वर्षें छपराखालीं सुकलेलें असें लांकूड नव्या बाजारांत कितीहि पैसे टाकले तरी मिळत नाहीं. तें वांकावयाचें तेवढें वांकून चुकलेलें असतें. दोष आहेत, ते खिळ्यांचे, जुन्या खांचांचे, आणि भिंतींत गाडलेल्या टोंकांचे. टोंकें वाळवीनें खाल्लेलीं असतात आणि खिळ्यानें करवतीचें पातें तुटतें, म्हणून आरागिरणीवाले चिराईहि जास्त घेतात. हें सर्व धरूनहि तो भाव नव्या परदेशी सागाच्या आसपासच होता. मामंजी म्हणाले, "सूनबाई, हें स्वस्त नाहीं, पण महागहि म्हणतां येणार नाहीं." वन्संच्या रकमेंत मात्र तें बसत नव्हतें.

निघतां निघतां मामंजींनीं सहज विचारलें, "आमच्याकडे अशाच नऊ तुळया आहेत. घ्याल काय?" मालकानें लगेच दर सांगितला. मीं वहींत दोन्ही आंकडे एकाखालीं एक लिहिले. तो ज्या दरानें विकत होता, त्याच्या पंचमांश दोनच तो घेतांना देत होता. त्यानें सांगितलेलीं कारणें, म्हणजे खिळे, वाहतूक, घट, अडकलेलें भांडवल, सगळीं खरीं होतीं. तरीपण रिक्षांत बसल्यावर मामंजी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

घरीं येऊन त्यांनीं कराराचा मसुदा काढावयास लावला. त्यांत एक ओळ होती, कीं जुनी इमारत पाडून निघणारा सर्व माल दुसऱ्या पक्षाचा. आतांपर्यंत ती ओळ कोणाला खटकली नव्हती; घर पाडून, मलबा उचलून नेणार, मग त्यांत आपलें काय गेलें, असा सर्वांचा समज. पण जुन्या लांकूड-लोखंडाच्या घराचें पाडकाम घेणारा कंत्राटदार पुष्कळदां मजुरी मागत नाहीं, उलट वर रक्कम देतो, हें मिस्त्रीनें समजावून सांगितलें. तुळया बारा फूट लांब, आठ इंच खोल, सहा इंच रुंद. एकीचे चार घनफूट, नऊंचे छत्तीस.

सही चार दिवसांवर आली होती, आणि येथें घरांत वादळ उठलें. थोरले भाऊजी म्हणाले, "बाबा, एवढ्या-तेवढ्या लांकडासाठीं सौदा लांबवायचा? तो माणूस बिथरला तर पुढचा पावसाळा ह्याच भिंतींत काढावा लागेल." त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें, गेल्या आषाढांत त्यांच्याच खोलीचें छत गळलें होतें आणि जाऊबाई दमेकरी. वन्सं तर रडकुंडीस आल्या. "माझ्या चौकटींपायीं भांडूं नका, मी साध्याच घेतें," असें त्या पुन्हां पुन्हां म्हणूं लागल्या. मामंजींनीं आवाज चढविला नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "मी भांडत नाहीं. मी भाव विचारून आलों आहें, आणि तो भाव त्यालाहि ठाऊक आहे. विचारून पाहूं."

विचारलें. तो गृहस्थ बिथरला नाहीं; बिथरण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतेंच. दारें, कडीपाट, पत्रे, लोखंड त्याच्याकडे राहावें, नऊ तुळया आमच्या, आणि त्या उतरविण्याची मजुरी आम्हीं द्यावी, असें अर्ध्या तासांत ठरलें. सही ठरल्या दिवशींच झाली.

म्हणून कोणी मला विचारील कीं लकडगंजांत जावें काय, तर मी जावेंच असें म्हणेन. स्वस्त माल मिळेल ह्या आशेनें जाऊं नये. मापाची पट्टी आणि वही घेऊन जावें, व दोन्ही बाजूंचे भाव विचारून यावें. जीं घरें आज महालांत, सीताबर्डींत, इतवारींत पाडावयास निघालीं आहेत, त्यांतील मंडळींना आपल्या डोक्यावर काय आहे हें कळावयास दुसरी जागा नाहीं.

तुळयांची वांटणी मामंजींनीं केली: तीन भाऊ व वन्सं यांना दोन-दोन, आणि नववी त्यांच्या स्वतःच्या बंगईसाठीं. वन्संच्या दोन तुळया चिरावयास आम्ही आरागिरणीवर गेलों तेव्हां त्या स्वतः बरोबर होत्या. मिस्त्रीनें आदल्या दिवशीं लोहचुंबक फिरवून पस्तीस खिळे काढले होते. करवतीला छत्तिसावा सांपडला आणि मालकानें त्याचे पैसे वेगळे लावले. पाव इंचाची घट येथेंहि आलीच, पण ती करवतीनें खाल्लेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली. एकेका तुळईंतून पांच-बाय-तीनचे दोन नग निघाले, आणि त्यांत वन्संच्या दोन दारांच्या चौकटी बेतानें बसल्या. उरलेल्या तीन-तीन इंचांच्या नगांतून खिडक्यांच्याहि चौकटी झाल्या. चिराई, खिळे, मजुरी धरून त्यांच्या रकमेंतून थोडे पैसे उरलेसुद्धां. भुशाची एक पिशवी त्यांनीं मागून घेतली. कशासाठीं तें मीं विचारलें नाहीं.

थोरल्या भाऊजींना लांकूड नको होतें. त्यांनीं आपल्या दोन तुळया त्याच जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला दिल्या. त्या अजून तेथें उभ्या आहेत. एकीच्या टोंकाला आमच्या सोप्याचा निळा रंग दिसतो. मामंजींनीं परवां त्यांचा भाव विचारला. मालकानें ओळखलें नाहीं, आणि अडीचपट सांगितला.