पाठभेद आणि पाव मिलिमीटर

मराठीने मोटारसायकलला 'फटफटी' हे नाव दिले ते कानाने ऐकून. रूप, वेग, किंमत यांपैकी काहीही त्या नावात नाही. आहे तो केवळ आवाज. ध्वन्यनुकारी शब्दांची उदाहरणे देताना 'खळखळ', 'सळसळ' सांगून झाले की आम्ही वर्गात हटकून 'फटफटी' सांगतो आणि मागच्या बाकांवरची मुले हसतात. त्यांच्या पिढीच्या गाड्या फटफटत नाहीत, गुरगुरतात. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा आवाज मात्र छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ऐकावा असा असतो. गाडी जागेवर उभी असताना तिचे सारेच फेरे पेटत नाहीत, काही कोरडे जातात. त्यामुळे तो ताल अडखळतो, थांबतो, पुन्हा धावतो. कान पिळला की यतिभंग संपतो आणि आवाज एकसंध होतो.

आमच्या ललितगद्याने बैलावर, विहिरीवर, जात्यावर पुष्कळ लिहिले. मर्ढेकरांनी यंत्र कवितेत आणले; पण ते शहरातले यंत्र होते आणि माणसाला गिळणारे होते. ज्या यंत्राला माणसाने तीस-तीस वर्षे सांभाळले, रात्री कंदिलाच्या उजेडात उघडले, पुन्हा जोडले, ते यंत्र आमच्या वाचनात फारसे आले नाही. प्रस्तुत लेखनाचे निमित्त तेवढेच नाही. गेल्या वर्षी आमच्या घरात एका गाडीवरून जो वाद झाला, तो आम्हांस आमच्या व्यवसायातल्या एका जुन्या प्रश्नापाशी घेऊन गेला. त्या वादाची ही हकीकत.

गाडी यामाहा आरएक्स 100. आमच्या थोरल्या बंधूंनी ती 1992 साली घेतली. घनसावंगी तालुक्यात, गोदावरीकडच्या अंगाला आमची मोसंबीची बाग. सकाळी दुधाचे दोन कॅन, परतताना जालन्याच्या मोंढ्यातून बियाण्याची पिशवी किंवा पेंडीचे पोते, असा त्या गाडीचा दिनक्रम होता. बंधू 2019 साली गेले. गाडी पुतण्याकडे आली. तो छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस असतो आणि सुट्टीला गावी येतो. गेल्या वर्षी गाडीचा जीव गेला. किक मारताना पायाला जो प्रतिकार लागतो तो लागेना. धूर वाढला आणि चढावर ती बसू लागली. जुन्या जालन्यातले आमचे मिस्त्री, ज्यांना सारे चाचा म्हणतात, त्यांनी हेड उघडले, सिलिंडरमध्ये बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, "सर, बोअर करावा लागंल. पन ये आखरी है."

'आखरी' या शब्दाचा अर्थ कळण्यासाठी या इंजिनाची रचना थोडी सांगणे भाग आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक. झडपा उघडमिट करणारी यंत्रणा तिच्या माथ्यावर नसते. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टन स्वतःच त्या उघडतो नि झाकतो. ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खालच्या पेटीत दाबले जाते, मग खिडकीतून वर ढकलले जाते. त्या पेटीतून मिश्रणच जात असल्याने तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. ते मिश्रणाबरोबर आत जाते, वंगण देते आणि जळून जाते. निळसर धूर आणि तो विशिष्ट वास याचाच. भाग थोडे, वजन कमी, ताकद भरपूर. मोबदल्यात झीज जास्त. पिस्टनची रिंग त्या खिडक्यांवरून मिनिटाला हजारो वेळा घसटत जाते. तिची टोके खिडकीत अडकून तुटू नयेत म्हणून तिला एका बारीक खिळीने जागेवर धरलेले असते. इतकी काळजी घेऊनही भिंत झिजते. गोल असलेले भोक लंबगोल होते.

मग लेथवर सिलिंडर थोडा मोठा करून पुन्हा गोल करतात आणि त्यात मोठा पिस्टन बसवतात. मोठ्या पिस्टनची मापे ठरलेली आहेत : पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर. म्हणजे चार वेळा. त्यानंतर सिलिंडरची भिंत आणखी पातळ करता येत नाही. नवे अस्तर ठोकावे लागते, आणि मग तो सिलिंडर केवळ बाहेरून जुना उरतो. यातला गमतीचा भाग असा की, आरएक्सचा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही पन्नास मिलिमीटर आणि क्षमता 98 घनसेंटिमीटर. चौथ्या बोअरनंतर ती 102 होते. नोंदणीपुस्तकात 98 च राहते. झिजत झिजत मोठे होणे हा प्रकार आम्ही माणसांत पाहिला होता. तो लोखंडातही असतो.

बंधूंनी या बोअरची नोंद ठेवली होती. गाडीच्या कागदपत्रांच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात एक दुमडलेला वहीचा कागद निघाला. '1999, पाव.' '2006, अर्धा.' आणि '2013, पाऊण. मागचे चक्र मोठे. पाणी.' या शेवटच्या शब्दाचा उलगडा जालना जिल्ह्यातल्या वाचकास सांगावा लागणार नाही. 2012-13 चा दुष्काळ आमच्या जिल्ह्याने 1972 च्या जोडीने मोजला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बंधूंनी त्या उन्हाळ्यात टँकर जिथे थांबे तिथून गाडीच्या दोन्ही अंगांना कॅन बांधून पाणी आणले आणि झाडांच्या बुडाशी घातले. त्यासाठी लोहाराकडून मागचे कॅरियर रुंद करून घेतले. ओझे ओढता यावे म्हणून मागचे दातेरी चक्र मोठे बसवले, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. आपोआप ऑइल सोडणारा पंप त्यांनी आधीच बंद करून टाकला होता; यंत्रावर भरवसा नको म्हणून लिटरला चाळीस मिलिलिटर ऑइल स्वतःच्या हाताने पेट्रोलमध्ये मिसळत. ते प्रमाण गरजेहून जास्त होते, धूर त्यामुळेच व्हायचा. पण इंजिन कधी धरले नाही. बागेतली निम्मी झाडे जगली.

पुतण्याचे म्हणणे असे की, आता खर्च करायचाच तर गाडी मूळ स्थितीत आणावी. कंपनीचे चक्र, कंपनीचे कॅरियर, ऑइलचा पंप चालू, टाकीवर मूळ रंग आणि पट्टे. आरएक्सचे उत्पादन 1996 मध्ये थांबले आणि त्यानंतर तिचे चाहते वाढतच गेले, हे खरे आहे. तरुण मुले जुन्या गाड्या शोधतात, एकेका मूळ सुट्या भागासाठी वणवण करतात. त्याच्या मित्रांनी तर आणखी पुढचे सुचवले होते : खिडक्या घासून मोठ्या करणे, कार्ब्युरेटरचे जेट बदलणे, सायलेन्सरच्या जागी फुगीर पोटाचा रेसिंग पाइप. ते त्यानेच नाकारले. कायद्याचाही त्यास आधार होता. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून गाडी बदलू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. कायदा मूळ प्रतीच्या बाजूचा आहे.

आमचे मत वेगळे होते. मूळ कोणते, हा आमचा प्रश्न होता. कारखान्यातून 1992 साली बाहेर पडली ती गाडी मूळ, की 2013 च्या वैशाखात पाणी वाहून बाग जगवणारी ती मूळ? पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला आम्ही हेच शिकवतो की, ग्रंथकर्त्याच्या हातचा पाठ आणि परंपरेने वापरून वापरून घडवलेला पाठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्या गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तिथे एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या वापराने त्या ग्रंथात जे शिरले होते ते त्यांनी काढले. ते काम थोर, यात वाद नाही. तरी कोणास असाही प्रश्न पडावा की, त्या काढलेल्या ओव्या रचणारे कोण होते, आणि कोणत्या दुष्काळात त्यांना त्या रचाव्याशा वाटल्या?

पुतण्याने यावर दिलेले उत्तर आम्हांस सहज बाजूस सारता आले नाही. तो म्हणाला, "काका, तुम्हाला ती गाडी म्हणजे दुष्काळ वाटते. मला दुष्काळ नकोय. बाबांनी पहिल्या दिवशी घरी आणली तेव्हा ती कशी दिसत होती, ते मी पाहिलेलं नाही. तेवढं बघायचंय." त्याचा जन्म 1996 चा. ज्या बापाला त्याने सतत ओझ्याखाली पाहिले, तो ओझ्याआधी कसा होता हे त्यास हवे होते. मूळ प्रतीची ओढ ही दरवेळी पंडिती नसते, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

खरे तर या यंत्राला मूळ प्रत आहे कुठे? आरएक्सची वंशावळ शोधत गेले तर माणूस जर्मनीतल्या चोपाऊ या लहानशा गावी पोहोचतो. तिथल्या डीकेडब्ल्यू कारखान्याच्या आरटी 125 या टू-स्ट्रोक गाडीची महायुद्धानंतर अनेक देशांनी नक्कल केली. यामाहाची 1955 ची पहिलीच मोटारसायकल, वायए-1, ही त्यांतली एक. त्याच चोपाऊमध्ये, गाव पूर्व जर्मनीत गेल्यावर, वाल्टर काडेन या अभियंत्याने सायलेन्सरच्या नळीचा आकारच बदलला. नळी आधी फुगत जाते, मग निमुळती होते. धुराची लाट निमुळत्या टोकावर आपटून उलटी फिरते आणि धुरामागोमाग निसटू पाहणारे ताजे मिश्रण परत सिलिंडरमध्ये लोटते. बाहेर गेलेला शब्द प्रतिध्वनीने माघारी यावा, तसे हे. 1961 साली त्यांच्या 125 घनसेंटिमीटरच्या इंजिनाने लिटरमागे 200 अश्वशक्तीचे प्रमाण गाठले. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, ती विद्या घेऊन सुझुकीकडे गेला आणि 1962 मध्ये 50 सीसी गटाचा जगज्जेता झाला. आज आमच्या पुतण्याचे मित्र जो फुगीर पाइप बसवा म्हणतात, तो तोच. अमेरिकेत 1987 पासून विकल्या गेलेल्या यामाहाच्या बॅन्शी या चारचाकी टू-स्ट्रोक गाडीवर वाळूच्या टेकड्यांत हौशी लोक हीच उस्तवार करीत : खिडक्या घासणे, जेट बदलणे, पाइप बदलणे. नकलेची नक्कल, तिच्यावर प्रत्येकाचा हात. हस्तलिखितांचे जग याहून निराळे नसते.

चाचांपुढे दोन्ही पक्ष मांडले गेले. त्यांनी सिलिंडर फडक्याने पुसत ऐकून घेतले आणि विचारले, "गाडी ठेवायची का चालवायची?" पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चालवायची."

पुढचे सारे निर्णय त्या एका उत्तरातून निघाले. चौथा बोअर झाला. खिडक्यांना हात लावला नाही. ऑइलचा पंप दुरुस्त करून चालू केला, कारण हाताने जास्त ऑइल ओतून लोकांच्या नाकात धूर घालण्याचे आता कारण उरले नव्हते. टू-स्ट्रोकचे आमचे प्रेम आंधळे नाही. खिडकीतून ताजे मिश्रण जळण्याआधीच निसटते हा तिचा जन्मदोष आहे, आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ती रस्त्यावरून गेली यात अन्याय झाला नाही. मागचे मोठे चक्र काढून कंपनीचे बसवले. संभाजीनगरच्या महामार्गावर त्या चक्राने इंजिन उगाच ओरडते. कॅरियर मात्र रुंदच राहिले, कारण खताचे पोते अजून त्यावरूनच येते. आमची इच्छा चक्रही ठेवावे अशी होती. ती मान्य झाली नाही.

मात्र पुतण्याने एक गोष्ट केली, जी आम्ही कोणी त्यास सुचवली नव्हती. पाकिटातला तो कागद उघडून त्याने वडिलांच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात चौथी ओळ लिहिली : वर्ष, 'एक', आणि पुढे 'मागचे चक्र पुन्हा लहान, आधीचे माळ्यावर'. चांगला संपादक पाठ निवडतो आणि सोडलेला पाठ तळटीपेत ठेवतो; पुढच्या वाचकास दोन्ही दिसावेत एवढीच त्याची जबाबदारी. पाठचिकित्सेचा अभ्यासक्रम त्याने कधी केलेला नाही.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. 2007, 2012, 2017, 2022 झाली; पुढची तपासणी 2027 ची. ती पार पडेल किंवा पडणार नाही. सिलिंडरच्या भिंतीत आता काढण्याजोगा आणखी पाव मिलिमीटर उरलेला नाही, आणि चाचांच्या बोटाला जी लंबगोलाई कळते ती त्यांनी कुठे लिहून ठेवलेली नाही. त्यांच्या दुकानात शिकायला मुलगा नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी लोकसाहित्याचे संकलन करण्यास गावोगाव हिंडत असेल, तर त्याने ओव्या आणि उखाणे गोळा करून झाल्यावर एखादी दुपार अशा दुकानात बसावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. वही जवळ ठेवावी.