झाडांची नावं ल्यालेलं गाव

गिरगावात पत्ता सांगताना माणूस नकळत झाडांची नावं घेतो. फणसवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी. कोकणातून बोटीने इथे उतरलेल्याला वाडी म्हणजे काय हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही. दोन पावलांवर समुद्र, मागे मलबारची टेकडी, मध्ये नारळाची झावळं. मुंबई सात बेटांची होती तेव्हाचं हे गाव. पुढे झाडं गेली, चाळी आल्या. नावं मात्र कुणी बदलली नाहीत, हे गिरगावकरांचे उपकारच.

इथली गुरंसुद्धा नावात राहिली आहेत. १८३८ च्या सुमारास सरकारने चराईवर कर बसवला, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी ठाकूरद्वाराजवळची कुरणं पदरमोड करून विकत घेतली आणि गुरांना मोकळी करून दिली. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून पडलं, असं सांगतात.

खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. त्यांच्याकडून ईस्ट इंडियन कुटुंबांनी जागा घेतल्या. ख्रिस्ती माणसं, पण घरात बोली मराठीच. लाकडी जिने, कौलं, ओटे, वळणावरचा क्रूस. एकेकाळी इथे पासष्टएक घरं होती. आज निम्मीसुद्धा उरलेली नाहीत, आणि त्या गल्लीतून चालताना हा आकडा मनाला टोचत राहतो.

चाळींनी गावाला गर्दी दिली आणि गर्दीला एकत्र येण्याची सवय. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. अजूनही तिथली मूर्ती बेताच्या उंचीची, शाडूची असते आणि पालखीतून निघते. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मग १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’. देशाच्या पडद्याला चित्रही इथेच मिळालं आणि वाचाही.

त्या दोहोंच्या मध्ये, १ ऑगस्ट १९२०. टिळक गेले. चिता रचली ती स्मशानात नव्हे, चौपाटीच्या वाळूत. चाळीचाळींतून माणसं पावसात समुद्राकडे निघाली.

तो समुद्र हळूहळू बराच दूर गेला. किनाऱ्यालगत रूळ तर टिळकांच्या हयातीतच पडले होते, पुढे भराव टाकून मरीन ड्राइव्ह झाला.

गावातल्या मुख्य रस्त्याला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांचं नाव आहे. नाना इथलेच, १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला ज्या कंपनीची पहिली आगगाडी सुटली, त्या कंपनीच्या पहिल्या संचालकांपैकी एक. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांच्या रस्त्याच्या पोटातून मेट्रो धावते. तिच्यासाठी कित्येक कुटुंबांना जुनी खोली सोडावी लागली. फलाटावर नाव पुकारलं जातं, गिरगाव. सरकत्या जिन्याने वर आलेला पाहुणा पानवाल्याला विचारतो, ‘फणसवाडी कुठे हो?’ पानवाला चुन्याचं बोट न पुसताच हात करतो.